वरचा फटका

गिटारच्या तारेवर माझा हात खाली बरोबर जातो, वर येताना अडतो. ज्याने गिटार कधी हातात धरली नाही त्याला यात लाजण्यासारखं काय आहे ते कळायचं नाही, म्हणून आधी तेवढं सांगतो. बोटांच्या चिमटीत प्लास्टिकचा तिकोनी तुकडा धरतात, त्याला पिक म्हणतात. त्याने तार एकदा वरून खाली छेडायची आणि एकदा खालून वर, तो वरचा फटका. असं दोन्हीकडून वाजवलं की हात थकत नाही आणि कितीही जलद जाता येतं. नुसतं खालीच मारत राहिलं तर दर फटक्याला हात रिकामा परत आणावा लागतो, आणि वेग वाढला की मनगटाचं लाकूड होतं. मोबाईलवरच्या व्हिडिओत शिकवणारा पोरगा हे पुन्हा पुन्हा सांगायचा. पिक सैल धरा, हळू वाजवा, वरचा फटका आधी पक्का करा. तो हळू म्हणाला की मी व्हिडिओ पुढे ढकलायचो.

शेलूबाजारला माझं मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी शटर अर्धं ओढून सराव करायचो. शेजारचा चहावाला तिकडून आवाज द्यायचा, "काहो शेठ, कापूस पिंजून राह्यले का?"

"तुह्या चहापेक्षा बरं हाय," मी म्हणायचो, आणि रागाच्या भरात आणखी जोरात खाली फटके मारायचो. मी तापट आहे. कोणी चूक दाखवली की तीच चूक मी जास्त जोराने करतो.

मला घाई होती. आमच्या गावात खंजिरी भजनाचं मंडळ आहे आणि त्यात पेटीवर वर्षानुवर्षं माझे बाबा बसायचे. मग त्यांचे कान गेले. मंडळ एका सुरात गायचं आणि बाबांची पेटी दुसऱ्याच सुरात चालायची. त्यांना कोणी बोललं नाही. त्यांनीच एके दिवशी सगळ्यांचे चेहरे पाहिले, पेटीचं झाकण लावलं आणि घरी आले. त्यानंतर खंजिरीवाला काका, म्हणजे मंडळाचा मुख्य आणि बाबांचा लहानपणापासूनचा दोस्त, आमच्याकडे आला.

"पेटीवाला दुसऱ्या गावचा भेटते," तो म्हणाला, "पन जागा तुमच्या घरची हाय. पोट्टा गिटार वाजवते म्हन्ते. यंदाच्या सप्ताहाले येऊ द्या त्याले."

बाबा काही बोलायच्या आत मी होकार देऊन टाकला. एवढंच नाही, "काका, तुमी फकस्त पाहा," असंही म्हणालो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आता जी चूक सांगतो ती दुसऱ्या कोणी केली असती तर मी त्याला हसलो असतो. खंजिरी भजन एका जागी थांबत नाही. सुरुवातीला चाल संथ असते, मग खंजिरी तापत जाते, टाळ चढतात आणि शेवटी सगळं मंडळ उधळतं. हे मी आईच्या मांडीवर बसून ऐकलेलं. तरी मी काय केलं, तर मोबाईलवर ठेका मोजणाऱ्या मेट्रोनोमची टकटक एका बेताच्या गतीला लावली आणि रोज तेवढ्याच गतीला वाजवलं. तेवढ्या गतीला नुसत्या खालच्या फटक्यांवर निभावत होतं. निभावलं की मी स्वतःवर खूश व्हायचो.

सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी, काल्याला, दुपारी पंगती बसायच्या आधी भजन होतं. माझ्या गिटारची वायर स्पीकरवाल्याच्या डब्यात लावली होती. बाबा अगदी पुढे बसले होते. स्पीकरजवळ त्यांचं कानाचं मशीन शिट्टी मारतं, म्हणून त्यांनी ते काढून खिशात ठेवलं होतं. पहिली दोन कडवी छान गेली. तिसऱ्याला काकाने खंजिरीची गती चढवली आणि माझं मनगट आखडलं. मी वरचा फटका मारायला गेलो तर पिक बोटांत फिरला आणि तारेत अडकला. स्पीकरमधून खर्र असा आवाज आला. काकाने एकदा माझ्याकडे पाहिलं.

मी करंगळीने गिटारवरचं बटण फिरवून आवाज पूर्ण बंद केला आणि नुसता हात हलवत राहिलो. तारेला स्पर्शच नव्हता, त्यामुळे हात खाली-वर असा सुरेख जात होता, जसा सरावात कधीच गेला नाही. शिवाय मी डोळे मिटले आणि मानही डोलावली. ती मान मी का डोलावली ते आठवलं की मला अजून तोंड लपवावंसं वाटतं.

खंजिरी आणि टाळांच्या कल्लोळात कोणाला काही कळलं नाही. भजन संपल्यावर काकाने मला दुपट्टा-टोपी दिली. मग बाबांना पुढे बोलावलं आणि त्यांच्याही खांद्यावर दुपट्टा टाकला. "बापाची जागा पोरानं राखली," तो माईकवर म्हणाला. बाबांना ऐकू आलं नसेल, पण काय म्हटलं ते त्यांना कळलं होतं. ते रडत होते. मी मनात म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची, आता निमूट घरी चल.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा माझ्यासमोर येऊन बसले.

"काल सारं दिसलं, आयकू काई नाई आलं," ते म्हणाले. "वाजव मले."

त्यांनी तळहात गिटारच्या पोटावर ठेवला. लाकडातून त्यांना समजतं. दुसऱ्या हाताने ते मांडीवर खंजिरीचा ठेका देऊ लागले. आधी संथ, आणि मग, त्यांना दुसरं येतच नाही, चाल चढवत. मी कसाबसा मागे धावलो. कालच्याच जागी हात आखडला आणि वाजणं बंद पडलं.

"थांबला काहून?"

"जमत नाई, बाबा. काल बी नाई जमलं."

"काय म्हन्तं? मोठ्यानं बोल."

त्या दिवशी नळ आला होता. दारासमोर गुंड-बकेटा घेऊन बाया उभ्या होत्या, आत आई भाकरी थापत होती. बहिऱ्या माणसाला लाजेची गोष्ट कानात सांगता येत नाही. तार ढिली झाली, असं ओरडलो असतो तरी सुटलो असतो, आणि तोंडावर तेच आलं होतं. पण त्यांचा हात अजून गिटारवर होता.

"काल म्या वाजवलंच नाई, बाबा!" मी ओरडलो. "आवाज बंद करून नुसता हात हालवला!"

बाहेरच्या बायांचं बोलणं थांबलं. आईची भाकरी थांबली. बाबांनी गिटारवरचा हात काढून घेतला आणि तो हात पाहिला. मग उठून चपला घालू लागले.

"कुठं चालले?" मी ओरडून विचारलं.

"खंजिरीवाल्याच्या घरी जातो. दुसऱ्या गावचा पेटीवाला पाहा म्हन्तो त्याले."

मी जातो, असं मी म्हणायला हवं होतं, आणि त्यांना ऐकू जाईल असं म्हणायला हवं होतं. मी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणालो. बाबा दारातल्या बायांमधून मान खाली घालून निघून गेले, आणि मी गिटार मांडीवर घेऊन आत बसून राहिलो.