न्हाणीपर्यंतचा पाईप

आईला सोलापूरच्या दवाखान्यातून दुसऱ्या दिवशी घरी आणायचं होतं आणि माझं मिग वेल्डिंग मशीन नुसतं थुंकत होतं. गनचा खटका दाबला की वायर दोन बोटं बाहेर यायची, चटचट करून थांबायची आणि लोखंडावर भोकाभोकांचा फेसाळ जोड मागं राहायचा. हातोडीची एक टिचकी, की सुटला.

दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी आई अंगणात घसरली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. ते तिनं हूं की चूं न करता सोसलं. पण दवाखान्यातल्या दोन बायका तिला काखेत धरून संडासाला न्यायच्या आणि दारात उभ्या राहायच्या, ते काही तिला सोसवेना. मला जवळ बोलावून म्हणाली, "घरी मला आसं कुणी धरून न्यायचं न्हाय. तुझ्याकडं मशीन हाय न्हवं? खोलीपासनं न्हाणीपतोर धरायला पाईप लाव. म्या माझी जाईन." आमचा संडास न्हाणीतच. मी छाती काढून हो म्हणालो.

मशीन जुनं, एका बंद पडलेल्या शेडमधून उचललेलं. तामलवाडीत बाकी सगळे कांडीनं वेल्डिंग करतात. माझ्या मशीनमध्ये मात्र वायरचं रीळ असतं, आणि आतली दोन चाकं ती वायर चिमटीत धरून गनकडं ढकलतात. एवढ्या गोष्टीवर मी गावात बरीच वर्षं ऐट मिरवली आहे.

त्या दिवशी ऐट पार उतरली. गनची टिप बदलली. गॅसची टाकी तपासली. अर्थिंगचा चिमटा कानशीनं घासून चकचकीत केला. मग चाकांची स्प्रिंग आवळली, आणखी आवळली, तर वायर बाहेर यायची सोडून आतच गोळा झाली. शेवयांचा गुंता परवडला.

"आहो, सोलापूरच्या एखाद्या वेल्डिंगवाल्याला फोन करा की," बायको म्हणाली. "आत्या उद्या दवाखान्यातनं येणार हायेत."

"घरात मशीन असताना?" मी खेकसलो.

"मशीन हाय व्हय, पर चालतंय कुठं?"

मी पक्कड आपटली.

गुंता कापून काढताना बोटं बुळबुळीत झाली. ही चाकं कोरडी ठाक असावी लागतात, नाहीतर वायर घसरते. आणि माझ्या चाकांना तर तेलाची आंघोळ घडली होती. खाचेत हळद-कुंकवाचा चिखल. तेल पातळ, पाण्यासारखं. आमच्या घरात असलं तेल एकाच बाटलीत असतं, आईच्या शिलाई मशीनच्या खणात. पडण्यापूर्वी ती गल्लीभरचे ब्लाउज शिवायची.

मी फोन लावला. "आई, दसऱ्याला माझ्या मशीनला काय केलंस?"

"पूजा केली की. अन् तेल बी घातलं. माझ्या मशीनला दर वर्षाला घालते, मग तुझंच का कोरडं ठिवायचं? चाकं पार सुकली हुती रं." मग म्हणाली, "का? आता कसं पळतंय?"

मला असा राग आला होता! दसऱ्यापासून दवाखान्याच्या खेपांत मशीनला हात लागला नव्हता आणि आज अख्खा दिवस मी त्याच्या आई-बापाचा उद्धार करत होतो. पण ती खाटेवर पडून कौतुकाची वाट बघत होती.

"लई भारी पळतंय," मी म्हणालो. बायको तोंडाला पदर लावून आत पळाली.

मग काय, पेट्रोलच्या फडक्यानं चाकं पुसली. तेल लागलेली वायर ओढून तोडून टाकली. गनची नळी पंक्चरवाल्याकडं नेऊन हवा मारून आणली आणि स्प्रिंग सैल केली. खटका दाबला, तर कढईत भजी सोडल्यागत एकसारखा चर्र आवाज. मी एकटाच मोठ्यानं हसलो. अंधार पडायच्या आत खांब उभे राहिले, पाईप बसला. मी त्याला लोंबकळून बघितलं. मग बायकोलाही लोंबकळायला लावलं.

दुसऱ्या दिवशी आई आली. चहा झाल्यावर उठून उभी राहिली. मी काखेत हात घातला.

"सोड," ती म्हणाली.

मला धीर होईना. जोड मीच मारले होते, ते कसे मारतो हेही मलाच ठाऊक.

"आरं सोड की. धरलंय म्या."

सोडलं. ती एक हात पुढं, मग एक पाऊल, अशी निघाली. प्रत्येक खांबापाशी मी वाकून जोड बघत होतो. मध्ये एकदा थांबली, मी धावलो, तर तिनं मागं न बघताच हात हलवून मला परतवलं. न्हाणीपर्यंत पोचली, आत गेली, दार ओढलं, आणि आतून कडी लावून घेतली.