डॉल्फिनची करंगळी

शाळेच्या प्रदर्शनासाठी ठिबकच्या नळ्यांपासून डॉल्फिनचा सांगाडा करायचं ठरलं आणि काम आमच्या शेजारच्या गुलाबनानांकडे आलं. नाना नरडाण्याच्या कारखान्यात पाइप जोडतात. डॉल्फिनच्या पुढच्या दोन परांमध्ये आपल्या पंजासारखी पाच बोटांची हाडं असतात, हे ऐकून ते पोट धरून हसले. "मासाले बोटे? आते तो पंगतमा जेवाले बी बसी का?"

पुस्तकातलं चित्र पाहिल्यावर मात्र कामाला लागले. टेप न घेता हातानंच माप काढायची त्यांची सवय. उजवा पंजा फरशीवर ठेवून खडूनं रेघ ओढली, नळ्या तापवून वाकवल्या आणि दोन्ही पर बसवून टाकले.

विज्ञानाच्या शिल्पा मॅडमनी मोजली तर दोन्हीकडे बोटं चारच. "नाना, एकेक राहिलं की हो!" त्या सहज म्हणाल्या.

नानांच्या उजव्या हाताची करंगळी यंत्रात गेली होती, हे मॅडमना ठाऊक नव्हतं. आम्हाला होतं. नाना स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. "मी बी भुली गयथू, मॅडम. मन्हा हात मी पुराच समजस."

मॅडम गोऱ्यामोऱ्या झाल्या. "राहू द्या नाना, चालेल."

"कसं चाली? त्याले पाच शेतस, तं पाचच देवाना. केवढी करू?"

"आखूड. त्याची करंगळी आखूडच असते."

"मन्ही बी आखूडच व्हती," म्हणत नानांनी दोन बारीक नळ्या तापवल्या. माप म्हणून कुणाचाच हात मागितला नाही. आठवून आठवून वाकवल्या.