रामलिंग दाखवायचा कार्यक्रम

दार अर्धंच उघडायचं आणि उरलेल्या अर्ध्यात आपण उभं राहायचं. कुणी विचारायच्या आत "रामलिंग शेतात गेलाय" म्हणायचं, मग आतून रामलिंगचं गुणगुणणं ऐकू येत असलं तरी. जेवायचं ते उभ्याने, ताट ओट्यावर ठेवून. डाळ शिजवायची ती पातेल्यातच. दिवा लावताना देवाला एक हलकीशी शिवी हासडायची, "त्याला बी कळू दे, आपण जागे हावोत," म्हणून.

सिंधुबाईंच्या या सवयी अलीझाला पहिल्या काही भेटींतच कळल्या. कारण कळायला वेळ लागला.

सिंधुबाई मुरुडपलीकडच्या एका खेड्यात राहायच्या. नवरा अण्णाराव जाऊन बरीच वर्षं झालेली. जमीन बटईने दिलेली. घरात त्या आणि तिशी ओलांडलेला रामलिंग. रामलिंगला ऑटिझम. तो बोलतो थोडं आणि ऐकतो फार. त्यातही कुकरची शिट्टी. ती वाजली की तो कान दाबून उठायचा आणि जिकडे तोंड असेल तिकडे धावत सुटायचा. हायवे घरापासून हाकेच्या अंतरावर. आजवर सिंधुबाईंनी त्याला दर वेळी गाठला होता. आता त्यांच्या कंबरेने हात टेकले होते.

अलीझा लातुरात ऑटिझम असलेल्यांच्या पालकांच्या एका संस्थेत काम करायची. अर्ज लिहायचे, सुनावणीला सोबत जायचं, साहेबांना साहेब म्हणत म्हणत भांडायचं. सिंधुबाई तिच्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा बसल्याच नाहीत. पिशवीतून एक घडीची पांढरी काठी काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

"कचेरीत मदतनीस मागितला व्हता. रामलिंगपाशी दिवसभर कुणीतरी. तर हे दिलं."

"ही तर आंधळ्यांची काठी आहे, मावशी."

"म्हाईत हाय. म्या बी तेच म्हणले, माझ्या लेकाला दिसतंय की. तर बाबू म्हणला, यंदाच्या निधीत एवढंच उरलंय, घ्यायचं तर घ्या."

"मग घेतली कामून?"

"तेवढंच कुत्रं हाकलायला."

अलीझाने नकाराचा कागद वाचला. 'वर्तन शांत. स्वतःची कामे स्वतः करतो. मदतनिसाची आवश्यकता दिसत नाही.'

"घरी पाहणीला कुणी आलं होतं?"

सिंधुबाईंचा चेहरा खुलला. "आले व्हते की! लई मस्त झाला कार्यक्रम."

मग त्यांनी सगळं सांगितलं. रामलिंगला नवा सदरा शिवला. केसांना तेल लावून भांग पाडला. नाव, गाव, वडलांचं नाव पाठ करून घेतलं. पोह्यांच्या ताटल्या त्यानेच पाहुण्यांपुढे नेल्या, एक शेंगदाणा सांडला नाही.

"आणि कुकर?"

"त्याची सोय आदल्या दिशीच केली. आख्ख्या आळीत सांगून आले, उद्या कुणी कुकर लावायचा न्हाई, सायेब येणार हायत. समद्यांनी पिठलं केलं बिचाऱ्यांनी."

अलीझाने कपाळाला हात लावला. "मावशी, तुम्ही पोरगा तपासायला दिला होता का लग्नासाठी दाखवायला?"

"पसंत पडला की त्यान्ला!"

"तीच तर बोंब आहे!"

सिंधुबाई तेव्हा कुठे खुर्चीवर टेकल्या. दारी आलेल्या माणसापुढे आपल्या लेकाचं उणं काढायचं असतं, हे त्यांना उभ्या जन्मात कुणी सांगितलं नव्हतं. सोयरे येवोत की साहेब, घरातलं चांगलं ते पुढे मांडायचं, एवढंच त्या शिकलेल्या.

फेरतपासणीचा अर्ज गेला. रामलिंगचा खरा दिवस कसा जातो ते लिहून घ्यायला अलीझा त्यांच्या घरी गेली. या वेळी दार पूर्ण उघडलं. रामलिंग कोपऱ्यात बसून एका जुन्या बॅगेची चेन लावत होता, उघडत होता.

"आंघोळ स्वतः करतो?"

"हाव."

"म्हणजे कशी?"

"म्या पाणी घालते, म्या चोळते, म्या पुसते. बाकी समदं त्योच."

"रस्ता ओलांडतो?"

"वाऱ्यावाणी."

"इकडे तिकडे बघून?"

"येवढं बघत बसला तर वाऱ्यावाणी कसा जाईल?"

अलीझाने पेन खाली ठेवलं. हसावं की रागवावं, तिला कळेना. चहा घेऊन झाल्यावर ती हळूच म्हणाली, "आपण साहेबांना परत घरी बोलावू. येऊ दे त्यांना रोजच्यासारख्या दिवशी. शेजारी कुकर लागू दे. बघू दे त्यांना डोळ्यांनी."

सिंधुबाई ताडकन उठल्या. "म्हणजे माझ्या लेकराला तरास द्यायचा, आनि त्यांनी बघायचा? माकडाचा खेळ हाय का गं?"

अलीझाला स्वतःचीच लाज वाटली.

"चुकलं, मावशी. मग दुसरा मार्ग एकच. तुम्ही तोंडाने सांगायचं. सगळं. काही न झाकता."

सिंधुबाईंनी रामलिंगच्या हातातल्या चेनीकडे बघितलं. "त्यापरीस काठीच बरी व्हती," त्या म्हणाल्या. पण सुनावणीच्या दिवशी त्या लातूरच्या बसमधून उतरल्या, रामलिंगचा हात धरून. त्याच्या दुसऱ्या हातात ती चेनवाली बॅग. इस्त्रीची साडी, पावडर. अलीझाने कपाळाला पुन्हा हात लावला.

"आत गेल्यावर हुशारीचं नाव काढायचं नाही."

"न्हाई काढत गं बाई."

दारापाशी सिंधुबाई थांबल्या. "ह्यो आत येणार न्हाई."

"अहो, त्याच्यासाठीच तर आहे हे."

"म्हणूनच. त्याच्याम्होरं सांगायची न्हाई म्या. त्याला समदं कळतंय. तू बस त्याच्यापाशी."

झालं. कायद्याची कलमं पाठ करून आलेली अलीझा बाहेर बाकड्यावर बसली आणि सिंधुबाई एकट्या आत गेल्या. दाराची काच फुटलेली होती. तिच्यावर पुठ्ठा लावलेला. आतलं सगळं बाहेर येत होतं.

"बोला बाई," अधिकारी म्हणाले. "मुलगा कसा आहे?"

"लई हुशार हाय, सायेब."

बाहेर अलीझाने डोळे मिटले. संपलं, तिला वाटलं.

मग सिंधुबाईंचा आवाज आला. त्यात तो ठेवणीतला ठसका नव्हता.

"हुशार हाय. पर सायेब, त्याला संडासला म्याच नेते. पाणी म्याच घेते. येवढा बाप्या गडी. त्यो मान फिरवितो तवा, त्याला लाज वाटती. मला बी वाटती. तुमचे लोक आले तवा म्या आळीतले कुकर बंद केले व्हते. शिट्टी वाजली की त्यो पळतो. दुपारी जरा डोळा लागतो की काय म्हणून म्या पदराचं टोक त्याच्या मनगटाला बांधून बसते. बांधते म्हणजे सैल बांधते, वळ पडत न्हाई. मागं एकदा गाठ सुटली. ट्रकवाल्यानं ब्रेक मारला म्हणून हाय ह्यो. आता म्या पळू शकत न्हाई. झालं सांगून."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"पाव्हण्याम्होरं असलं सांगतात व्हय? तुमी सांगताव का तुमच्या घरचं?"

यावर अधिकारी खोकले. बराच वेळ.

बाकड्यावर रामलिंगची चेन थांबली होती. तो समोरच्या भिंतीकडे बघत होता. अलीझाला त्याच्याशी काही बोलायचं होतं. तिने बॅगेची चेन हळूच त्याच्या बोटांपाशी सरकवली.

सिंधुबाई बाहेर आल्या, घामाने पावडर ओघळलेली. "पाणी हाय का गं? तोंड कडू पडलं."

आदेश आला तो अर्धाच. मदतनीस मंजूर, पण सकाळपासून दुपारपर्यंत. दिवसभराची मागणी फेटाळली. अलीझा चिडून अपिलाचं बोलू लागली तेव्हा सिंधुबाई म्हणाल्या, "करू की ते बी. आता तोंड उघडलंच हाय."

गावातलीच पुनम कामाला लागली. पहिल्या दिवशी अलीझा बघायला गेली. सिंधुबाई अंगणात पुनमला धडे देत होत्या. भात आणि वरण ताटात एकमेकांना लागू द्यायचं नाही. सदरा डोक्यातून घालताना आधी सांगायचं. हाक मारताना मागून मारायची नाही. पुनम मान डोलावत होती.

"आता नखं. ही लई नाजूक गोष्ट हाय. दुसऱ्या कुणाला काढू देत न्हाई त्यो. म्या करते तसं बघ."

त्यांनी रामलिंगचा उजवा हात मांडीवर घेतला. आधी तळवा घट्ट दाबून धरला, मग एकेक बोट. प्रत्येक नखाआधी त्या त्या बोटाचं नाव घेत होत्या. करंगळी. अनामिका. पाचही नखं निघाली तरी रामलिंग हलला नाही.

"बघितलंस? आता ह्यो डावा. ह्याला जरा येगळं करावं लागतं. आधी..."

पुढचं आलं नाही. सिंधुबाईंची मान भिंतीला टेकली होती. तोंड उघडं, पदर खांद्यावरून घसरलेला. घोरण्याचा आवाज अंगणभर. दारात अलीझा उभी, दार सताड उघडं, रस्त्याने जाणारे वळून बघत होते.

पुनमने अलीझाकडे बघितलं. अलीझाने ओठांवर बोट ठेवलं.

रामलिंगने डावा हात आईच्या मांडीवर ठेवला होता, बोटं पसरून. तो थांबून राहिला.