मंगळवारचा डबा

उमरेडची बस सकाळी साडेआठला नागपूरच्या स्टँडवर लागते आणि गेली अकरा वर्षं धनश्री तिथे हजर असते. उमरेडहून आई, मैनाबाई, रोज कंडक्टरच्या हाती डबा पाठवते. संध्याकाळच्या बसने रिकामा डबा परत. तो उघडून मैनाबाई लेकीचं दुखणंखुपणं शोधते. भाजी उरली की फोन आलाच. "काहून उरवली वं? कोणी काही बोललं का तुले?" म्हणून नको असली तरी धनश्री ती संपवते. अडतीस वर्षांची बाई, चष्म्याच्या दुकानात पाच जणांवर देखरेख करते, पण स्वतःला भूक आहे की नाही हे तिला धड सांगता येत नाही.

झोप पार उडाली तेव्हा ती समुपदेशक अरुंधतीबाईंकडे गेली. त्यांनी मायलेकी दोघींना बोलावलं. धनश्रीला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मैनाबाईनेच दिलं. "तिले काय विचारता? तिच्या पोटातलं मले ठाऊक." आणि धनश्री शेजारी बसून मान डोलवत राहिली. स्वतःचीच चीड आली तिला. शेवटी ठरलं, मंगळवारी डबा येणार नाही, धनश्रीने आपलं आपण रांधायचं. मैनाबाई उठताना म्हणाली, "बाई म्हणते तं नाही पाठवत."

मंगळवारी सकाळी प्रताप नगरच्या आपल्या खोलीवर धनश्रीने खिचडी टाकली. मीठ किती, हे विचारायला फोन उचलला, परत ठेवला आणि अंदाजाने घातलं. तेवढ्यात कंडक्टर मुकुंदभाऊंचाच फोन. "ताई, डबा आला तुमचा."

ती धावतपळत गेली. डबा हलका लागला. उघडला तर सगळे कप्पे रिकामे, घासून लख्ख. मुकुंदभाऊ म्हणाले, "मावशीनं तुमच्यासाठी निरोप सांगितला, मी काही धाडलं नाही. तूच शिजवलेलं भरून दे म्हणे, मीठ बरोबर हाय का पाहाले."

धनश्रीला आधी हसू आलं, मग इतकं थकल्यासारखं झालं की ती बाकावर बसलीच. दोन घास खिचडी भरून देणं काही जड नव्हतं. आई खूश झाली असती, आणि मग दर मंगळवारी तेच. तिने झाकण लावलं.

"असाच परत न्या, भाऊ."

"रिकामा?"

"रिकामाच."

संध्याकाळी बस उमरेडला पोचायच्या सुमारास ती जेवायला बसली. सकाळची खिचडी अळणी झाली होती. फोन वाजू लागला. तिने तो उचलला नाही; पण वाजायचा थांबेपर्यंत हातातला घासही तोंडात गेला नाही.