‘तू’च्या जागी ‘ती’

एम.ए. इंग्रजीच्या दुसऱ्या वर्षाला मी बहुसांस्कृतिक साहित्याचा पेपर निवडला, तो खरं तर माझ्या मैत्रिणीनं निवडला म्हणून. आम्ही दोघी सोनईजवळच्या एकाच गावच्या. रोज सकाळी एकाच एस.टी.नं नगरला जायचो. बाजाराच्या दिवशी घोडेगावात जनावरांच्या टेम्पोंमध्ये गाडी अडकली की पहिला तास बुडायचा, आणि आमचा निम्मा अभ्यास त्या अडकलेल्या गाडीतच व्हायचा. ती मोठ्यानं वाचायची, मी पेन्सिलीनं खुणा करायचे. परदेशात गेलेल्या कुटुंबांच्या कथा, रंगावरून हिणवलेल्या माणसांच्या कविता, शाळेत स्वतःचं नाव सोपं करून सांगणाऱ्या मुली. वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. तिच्या यायचं नाही. ती नुसती पान उलटायची.

आमचं घर ऊस-कांद्याचं, बऱ्यापैकी जमिनीचं. तिचं बौद्ध कुटुंब गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचं. वडील साखर कारखान्यात होते आणि आई गावच्या अंगणवाडीत मदतनीस. लहानपणी आम्ही दोघी त्याच अंगणवाडीत होतो. तिच्या आईला सगळं गाव मावशी म्हणतं, मीही तेच म्हणते.

तिसऱ्या सत्रात हा पेपर शिकवणाऱ्या मॅडमनी प्रकल्प दिला. आपल्या भागातल्या एका माणसाची तोंडी कहाणी रेकॉर्ड करायची, तिचं इंग्रजीत भाषांतर करायचं आणि त्यावर पंधरा-वीस पानं लिहायची. मी मैत्रिणीला विचारलं, “तू मावशींवर लिहिणार असशील ना?”

“नाही,” ती म्हणाली. “आईचं आयुष्य मला मार्कांना लावायचं नाही.”

“मग मी विचारू त्यांना?”

“विचार. सांगायचं की नाही ते ती ठरवेल.”

एका रविवारी दुपारी मी त्यांच्या घरी गेले. मावशी शेंगा फोडत बसल्या होत्या. मी मोबाईल रेकॉर्डिंगला लावून मध्ये ठेवला आणि अंगणवाडीतले सुरुवातीचे दिवस कसे होते, असं विचारलं.

“मी नवीनच लागले हुते,” त्या म्हणाल्या. “बाई शिकवायच्या, मी खिचडी करायची. पहिल्या दिवशी समदी पोरं जेवली. दुसऱ्या दिवशी निम्मी. का, तर माज्या हातची म्हनून. मग पोरं घरनं डबे आनायला लागली.” हे सांगताना त्या हसत होत्या. “तू बी आनायचीस.”

“मी?”

“व्हय. कडीचा डबा हुता तुजा. पन खिचडी तुला लई आवडायची. मग तू तुजी चपाती माज्या पोरीला द्यायचीस आन तिच्या ताटातली खिचडी खायचीस. दोगी एका ताटात. मी बगून न बगितल्यासारकं करायचे.”

मला यातलं काही म्हणता काही आठवत नव्हतं. मला वाटलं, गोष्ट इथंच संपेल आणि किती गोड असेल.

“एक दिवस तुज्या फ्राकवर हळदीचा डाग पडला,” त्या पुढं म्हणाल्या. “तुज्या आईनं विचारलं आसंल. तू सांगितलंस, ‘मी नगं म्हनत हुते, मावशीनं जबरदस्तीनं चारली.’ दुसऱ्या दिवशी तुजी आई आली. वरडली बिरडली न्हाई. बाईंना म्हनली, हिला चुलीपाशी ठिवू नका. मग चार-पाच म्हैने दुसरी बाई सैपाक करायची आन मी नुसती भांडी घासायची. पुढं वरच्या साह्यबीन आल्या, त्यांनी विचारलं हे कुनाच्या हुकमानं चाललंय, तवा परत माज्याकडं आलं.”

“तुम्ही मला कधी काही बोलला नाहीत, मावशी.”

“चार वर्साच्या पोरीला काय बोलायचं? तू भेली हुतीस.”

मी मोबाईल बंद केला. त्यांनी दिलेला चहा प्यायले, शेंगा फोडू लागले आणि मग घरी आले.

पुढचे आठ दिवस मी भाषांतर करत होते. त्या वेळी मी काय केलं ते मला नीट माहीत आहे, नकळत झालं असं म्हणायला जागा नाही. मावशींनी प्रत्येक वाक्यात ‘तू’ म्हटलं होतं. मी ‘तू’ काढलं आणि ‘जमीनदार घरातली एक मुलगी’ असं लिहिलं, पुढं नुसतं ‘ती’. ‘तुजी आई’ची ‘गावातली एक स्त्री’ झाली. एका ताटातलं जेवण मी गाळलं, कारण ते ठेवलं असतं तर त्या ताटावरची दुसरी मुलगी कोण हे सांगावं लागलं असतं. मावशींचं हसणंही गाळलं. हसणाऱ्या बाईवर बहिष्काराची वीस पानं नीट बसत नव्हती. संशोधनात स्वतःला मध्ये आणायचं नसतं, असं मी मनाशी म्हणत होते. मॅडमनी वर्गात याच्या अगदी उलट शिकवलं होतं. लिहिणाऱ्यानं आपण कुठं उभं राहून लिहितोय ते आधी सांगावं, हे त्यांचं वाक्य माझ्या वहीत दोनदा अधोरेखित केलेलं होतं.

सेमिनारला मी निबंध वाचला. इंग्रजी चांगलं जमलं होतं. मॅडम म्हणाल्या, “अतिशय संयमानं लिहिलंयस.” मग मागच्या बाकावरच्या एकीनं विचारलं, “ती खोटं बोललेली मुलगी, तिचं पुढं काय झालं?”

मी म्हणाले, “त्याची काही नोंद नाही.”

माझी मैत्रीण दुसऱ्या रांगेत बसली होती. तिनं पेनाला टोपण लावलं आणि वही मिटली. माझ्याकडं बघितलं नाही.

परतीच्या गाडीत ती माझ्या शेजारी बसली, पण पांढरीपूल येईपर्यंत बोलली नाही. मग म्हणाली, “आईनं तुला सांगितलं होतं ना, ती मुलगी कोण ते?”

“हो.”

“मग नोंद नाही असं कसं म्हणालीस?”

“मी तेव्हा चार वर्षांची होते गं.”

“तेव्हा चार वर्षांची होतीस. आज किती वर्षांची आहेस?”

ती पुढं म्हणाली, “मला ते ताट आठवतं. तू विसरली असशील असं मी धरून चालले होते. विसरलं तर चालतं. पण तुला माहीत असून तू मलाही त्यातून काढून टाकलंस.” दुसऱ्या दिवसापासून ती पुढच्या दाराजवळच्या सीटवर बसायला लागली.

सेमिनारच्याच संध्याकाळी मी आईला त्या खिचडीबद्दल विचारलं. आई भाजी निवडत होती. तिला सगळं आठवत होतं, लगेच आठवलं. “तवा समदेच तसं करायचे,” ती म्हणाली. “आता कुठं राहिलंय तसलं? तुजी मैत्रीण येती की आपल्या घरी. मी चहा देते तिला.” मैत्रीण येते ती दाराबाहेरच्या ओट्यापर्यंत येते आणि तिथंच चहा पिऊन जाते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. इतक्या वर्षांत मीही तिला आत ये म्हटलं नव्हतं. पण मी आईला काही बोलले नाही.

दोन दिवसांनी मी अंगणवाडीत गेले. पोरं घरी गेली होती आणि मावशी पातेलं घासत होत्या. मी म्हणाले, “मावशी, मी लिहिताना माझं नाव टाळलं.”

“पोरीनं सांगितलं,” त्या म्हणाल्या.

“चुकलं माझं.”

“व्हय, चुकलं.”

‘जाऊ दे’ म्हणतील असं मी धरून गेले होते, हे मला त्या क्षणी कळलं आणि माझीच मला लाज वाटली. मावशींनी हात धुतले आणि पदराला पुसले. “तवा तू ल्हान हुतीस, म्हनून मी कुनाला बोलले न्हाई. आता शिकलीस, म्हनून सांगितलं. मला वाटलं, तू लिव्हशील.” मग त्या पातेलं उचलून आत गेल्या. मी निघाले.

मॅडमना मी सगळं सांगितलं. मार्क विद्यापीठाला पाठवून झाले होते. “मार्क आता बदलणार नाहीत,” त्या म्हणाल्या, “पण पुन्हा लिहायचं असेल तर लिही. विभागात तीच प्रत ठेवू.” मी सुट्टीत पुन्हा लिहिलं. जिथं मावशी ‘तू’ म्हणाल्या होत्या तिथं ‘तू’च ठेवलं, आणि जिथं मला उत्तर द्यायचं होतं तिथं ‘मी’ लिहिलं. हसणं परत घातलं, ताट परत घातलं. ‘हिला चुलीपाशी ठिवू नका’ हे वाक्य माझ्या आईचं आहे, हे लिहायचं टाळत राहिले. चार दिवस तेवढंच राहिलं होतं, मग तेही लिहिलं. हा निबंध पहिल्यापेक्षा वेडावाकडा झाला. विभागाच्या कपाटात आता तो आहे. पण गुणपत्रिकेवर मार्क पहिल्या निबंधाचेच आहेत, वर्गात सगळ्यांत जास्त, आणि ती गुणपत्रिका दाखवूनच मला एका ज्युनिअर कॉलेजात तासिका मिळाल्या.

मैत्रीण आता कोपरगावकडं एका शाळेत शिकवते. नवीन निबंध मी तिला पाठवला, त्याला वर्ष होत आलं. तिसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला. “वाचलं. आता झालं तसं लिहिलंयस. आईला मी वाचून दाखवणार नाही, ते तू दाखव.”

मी इंग्रजीचं पुन्हा मराठी करून ठेवलंय, मावशींच्याच शब्दांत. दर रविवारी गावी जाते. मावशी वाटेत भेटल्या की विचारतात, “बरी हायस का?” मी “हो” म्हणते. ते कागद अजून माझ्या पिशवीतच आहेत.