शंभर आकाशांतलं एक खरं

विश्वाच्या जन्माचा हिशेब लावणाऱ्या माणसांचा चहा समोरच्या समोर निवून जातो. त्या थंड कपांभोवती किस्से साचत राहतात. मी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत कॉम्प्युटर विभाग सांभाळतो. फिजिक्स जे आलं, ते ऐकून ऐकून.

*

आमच्या कॉरिडॉरमध्ये विश्वाच्या बालपणातल्या उजेडाचा नकाशा आहे. निळे ठिपके किंचित गार, तांबडे किंचित गरम. रंगकामानंतर तो उलटा लागला. सगळे शास्त्रज्ञ रोज त्याच्यासमोरून जात होते! शेवटी मीच देवधर सरांना सांगितलं. त्यांनी मान वाकडी करून पाहिलं.

"राहू द्या. विश्वाची तक्रार आली की बघू."

*

देवधर सर कडक शिस्तीचे. मनात असतं तेच डोळ्यांना दिसू नये, म्हणून त्यांचा नियम : कॉम्प्युटरनं बनवलेल्या नव्याण्णव खोट्या आकाशांत एक खरं मिसळायचं आणि शंभरही तपासायची. खरं कुठलं, ते फक्त मला ठाऊक.

त्यांची विद्यार्थिनी तबस्सुम या आकाशांच्या नकाशांत विश्वाच्या जन्माआधीची खूण ठरतील अशी वर्तुळं शोधत होती. वर्षं गेली त्यात. आणि सदतिसाव्या आकाशात एक सापडलं. अगदी ठसठशीत! ते आकाश खरं निघालं तर तिची पीएचडी गाजणार. नाहीतर 'काही सापडलं नाही' हेच जाडजूड थीसिसमध्ये लिहायचं.

माझ्या टेबलावर शिरखुर्म्याचा डबा आला. "जगतापकाका, मी काही विचारत नाहीये हं. अम्मीनं दिलाय."

"ठेव. डबा परत मिळेल, नंबर मिळणार नाही."

*

मग दारात खुद्द सर!

"सर, नियम तुमचाच आहे."

"अहो, मी कुठे विचारतोय? तुमचा चेहरा बघायला आलोय."

"चेहराही नियमात बसतो, सर." आणि मी भिंतीकडे तोंड केलं.

*

पुण्याला लागून वाढत चाललेल्या आमच्या मांजरी गावात माझ्या थोरल्या भावानंही खडा टाकून पाहिला. "मला सांग की, घरचाच हाय मी!"

मी त्याच्यापुढे चहा सरकवला.

"बरं, विश्व पसरतंय म्हणत्यात, ते तरी खरं हाय का?"

"हो."

"मांजरीपेक्षा जोरात?"

*

नंबर उघडण्याच्या दिवशी सगळे जमले. तबस्सुम खुर्ची असून उभीच. मी सांगितलं, "सदतीस खोटं आहे."

सरांनी घसा खाकरला. "अभिनंदन, जगताप. तुम्ही कॉम्प्युटरवर बनवलेलं विश्व मूळ विश्वापेक्षा सरस निघालं."

तबस्सुमनं ओढणीनं डोळे पुसले.

"मग सर, दुरुस्त्या कुणी करायच्या? मी, की मूळ विश्वानं?"