फौजेचे डोळे

काकांना शिंक आली की ते हातातलं सगळं टाकून गॅलरीत पळायचे. एकदा गॅलरीचं दार अडकलं होतं, तर नाक दाबून डोळ्यांतून पाणी काढत उभे राहिले, पण घरात शिंकले नाहीत. कारण टेबलावर त्यांची फौज उभी असायची. अंगठ्याच्या वरच्या पेराएवढे प्लास्टिकचे सैनिक, अंगावरचा रंग ओला. एका शिंकेत दहाजण आडवे व्हायचे. चिखलीच्या त्या सोसायटीत सगळे त्यांना फौजवाले काका म्हणायचे. मी त्यांच्याकडे नऊ वर्षं भांडी आणि केर-फरशी केली.

काका चाकणच्या एका गाड्यांच्या कंपनीत पेंट शॉपला होते. रिटायर झाल्यावर त्यांनी हा नाद धरला. म्हणायचे, "तीस वर्षं नुसता पांढरा मारला ताई. लोकांना गाडी पांढरीच लागते. आता जरा बाकीचे रंग बघू द्या." पण पेंट शॉपची सवय गेली नव्हती. रंगकाम चालू असलं की पंखा बंद, मे महिना असला तरी. मी केर काढायच्या आधी टेबलापुढे ओलं फडकं टांगायचे. रंगावर धुळीचा कण दिसला की काका कोणीतरी वारल्यासारखा चेहरा करायचे.

मुलगा परदेशातून खोकी पाठवायचा. त्यात सैनिकांचे हात, पाय, धड, डोकी सुटी असायची. काका ती कापायचे, घासायचे, चिकटवायचे आणि रंगवायचे. तयार झालेले सैनिक भिंतीवरच्या काचेच्या कपाटात जायचे. त्यात दिवे लावलेले होते. काकू त्या कपाटावर कायम चिडलेल्या. "माझ्या लग्नातली भांडी पलंगाखाली पोत्यात आहेत, आणि ह्या भुतांना काचेचा बंगला! वर लाइट!" काका ऐकू न आल्यासारखं करायचे. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणायचे, "भांडी काय, पोत्यातही भांडीच राहतात."

हे सैनिक कुठले, ते मला त्यांनी समजावून सांगितलं होतं. अजून हजारो वर्षांनी माणसं ताऱ्यांवर जाऊन राहतील आणि तिथे लढाया करतील, त्या लढाईतले हे. मी विचारलं, "तिथं तरी पाणी रोज येतं का?" आमच्याकडे तेव्हा एक दिवसाआड येत होतं. काका इतके हसले की त्यांना ब्रश ठेवावा लागला. पुढे कोणीही पाहुणा आला की ते सांगायचे, "आमच्या बाईंनी काय विचारलं माहितीये?" मला लाजल्यासारखं व्हायचं, पण बरंही वाटायचं. माझं बोलणं लक्षात ठेवणारं दुसरं घर मला मिळालं नव्हतं.

त्यांचा उजवा हात थरथरायचा. चिलखत, बूट, बंदूक इथवर कसंबसं निभायचं. डोळ्यांपाशी आले की संपलं. मोहरीपेक्षा लहान ती जागा. एक दिवस त्यांनी एकाच सैनिकाचे डोळे तीनदा काढले आणि तीनदा पुसले. चौथ्यांदा पुसताना त्यांनी स्वतःलाच शिवी देऊन ब्रश खाली ठेवला. मी टेबल पुसत होते. कोणी न विचारता मी सहसा बोलत नाही. त्या दिवशी बोलले, "मी करू का?"

माझं माहेर पेणकडचं. वडील गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करायचे. साच्यातून मूर्ती काढणारा वेगळा, घासणारा वेगळा, रंग मारणारा वेगळा. डोळे सगळ्यांत शेवटी, आणि ते काढणारा माणूस सगळ्यांत मोठा. बाबा आखणीला बसले की मालकसुद्धा बोलायचा थांबायचा. गिऱ्हाईक मूर्ती न्यायला आलं की मालक आधी सांगायचा, "आखणी जनार्दनची आहे." बाबांना स्वतःला ते कधी सांगावं लागलं नाही. चौथीनंतर माझी शाळा सुटली तशी मी त्यांच्या शेजारी बसू लागले. तडा गेलेल्या मूर्तींवर त्यांनी मला शिकवलं. श्वास अर्धा सोडायचा, मग ब्रश टेकवायचा.

मी काकांच्या सैनिकाचे डोळे काढले. त्यांनी भिंगातून बघितलं आणि हसत सुटले. "अहो ताई, हा लढाईला निघालाय, ह्याला मोदक नाही द्यायचाय!" खरंच होतं. मी गणपतीचे डोळे काढले होते, मोठे आणि शांत. मग काकांनी भुवई खाली घ्यायला सांगितली, पापणी बारीक करायला सांगितली. आठ दिवसांत मला रागीट डोळे जमू लागले. एक गोष्ट मात्र मी बाबांचीच ठेवली. मूर्ती उंचावर बसते, म्हणून तिची नजर जराशी खाली काढायची, म्हणजे समोरच्याला वाटतं ती आपल्याकडेच बघते. कपाटही उंचावर होतं.

मग रोज भांडी झाली की अर्धा तास मी गॅलरीच्या उजेडात टेबलाशी बसायचे. काका स्वतः खुर्ची ओढून द्यायचे. कामाच्या घरात मी तोवर खुर्चीवर बसले नव्हते. ते शेजारी बसून श्वास रोखून बघायचे. दोन्ही डोळे सारखे उतरले की एवढंच म्हणायचे, "उठला! जिवंत झाला लेकाचा." वरच्या दोन फळ्या भरेपर्यंत असं चाललं. त्या अर्ध्या तासासाठी मी बाकीचा दिवस काढायचे, हे खोटं नाही.

मग चिंचवडला एका हॉलमध्ये अशा सैनिकांचं प्रदर्शन ठरलं. बक्षीसही होतं. काकांनी मला विचारलं, "ताई, तुमचं पूर्ण नाव काय हो?" मी सांगितलं, सुनंदा काशिनाथ म्हात्रे. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. मी घरी जाऊन आमच्या ह्यांना सांगितलं, माझं नाव लागणार आहे. ते म्हणाले, "कुठं? बिल्डिंगवर?" पण हसून म्हणाले. प्रदर्शनाच्या दिवशी मी बाकीच्या तीन घरांना सुट्टी सांगितली आणि भावाच्या लग्नातली साडी नेसले.

हॉलच्या दारात काकांनी माझ्या गळ्यात एक पास घातला. माझं पूर्ण नाव बरोबर लिहिलेलं होतं. खाली लिहिलं होतं, मदतनीस. आत उंच फळीवर सैनिक मांडल्यावर समोर पाटी लावली. मी सावकाश वाचते, पण वाचते. जुळणी आणि रंगकाम, पुढे काकांचं नाव. पाटी तिथे संपली.

बक्षीस ठरवणारा तरुण मुलगा निरखून बघत राहिला. इकडे सरकला, तिकडे सरकला. म्हणाला, "काका, डोळे कसे केलेत हो? कुठेही उभं राहा, आपल्याकडेच बघतायत." मी काकांच्या मागे खोकं धरून उभी होते. काकांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "तीस वर्षं पेंट शॉपला काढलीत. हाताला सवय आहे."

पहिला नंबर त्यांचाच आला. रिक्षातून परत येताना काकांनी खोकं मांडीवर घेतलं. मग म्हणाले, "त्यांचा नियम असतो ताई. एकाच माणसाचं काम लागतं." मी गळ्यातला पास काढून पिशवीत ठेवला. तेव्हा ते म्हणाले, "आणि तुम्हाला काय फरक पडतो?" खरंच विचारत होते. त्यांच्या आवाजात वाईटपणा नव्हता. वाईटपणा असता तर मला सोपं गेलं असतं.

महिन्याभराने नवं खोकं आलं. तीस सैनिक रंगून तयार झाले, चेहरे तेवढे कोरे. काकांनी खुर्ची ओढली, ब्रश धुऊन ठेवला. मी म्हणाले, "मी नाही करणार काका."

"हात दुखतोय का?"

"नाही. हात बरा आहे."

त्यांनी खुर्चीवरचा हात काढला. "मग काय हवंय तुम्हाला?"

नाव मागितलं असतं तर मिळालंही असतं कदाचित. पण बाबांना मागावं लागलं नव्हतं. मी फडकं उचललं आणि फरशी पुसायला गेले.

चार दिवसांनी केर काढताना टेबलाखाली बारीक काहीतरी खडखडलं. सुपलीत बघितलं तर डोकी होती, कोऱ्या डोळ्यांची. त्या खोक्यांत प्रत्येक सैनिकाला दोन डोकी येतात, एक उघडं आणि एक हेल्मेटचं. काकांनी पकडीने सगळी उघडी डोकी छाटली होती आणि हेल्मेटं चिकटवली होती. एवढ्या थरथरत्या हाताने. किती वेळ लागला असेल. मी डोकी वेचून बघत बसले नाही, केराच्या डब्यात टाकली. पुढे दोन वर्षं त्या घरात सगळी हेल्मेटचीच फौज झाली. खुर्ची कोणी ओढली नाही. पंखा बंद असला की मी उकाड्यात फरशी पुसायचे आणि काका पाठमोरे बसलेले असायचे.

यंदा काका-काकू तळेगावला राहायला गेले. जायच्या दिवशी मी एकेक सैनिक कापसात गुंडाळून खोक्यात ठेवला. घरात भाड्याने येणाऱ्या बाई बघायला आल्या होत्या. काकांनी मला पुढे बोलावलं आणि सांगितलं, "ह्या सुनंदा काशिनाथ म्हात्रे. नऊ वर्षं आमच्याकडे आहेत. काच पुसावी तर ह्यांनीच, एक डाग राहत नाही." त्यांच्या तोंडून माझं पूर्ण नाव मी पहिल्यांदाच ऐकलं. कुठेही न अडखळता म्हणाले.

त्या बाईंनी मला विचारलं, "आणखी काय काय येतं तुम्हाला?"

मी काकांकडे बघितलं. ते खोक्यावर चिकटपट्टी लावत होते. पट्टी लावून झाली, तरी बोटाने दाबत राहिले. मी जरा वेळ थांबले.

मग मीच म्हणाले, "भांडी, केर-फरशी."